उंचीसाठी नेलं होतं, रिपोर्टात ४५,एक्स आलं

अबोली२

बरीच वर्षं इथे फक्त वाचत होते. आज लिहितेय, कारण घरात मोकळेपणाने बोलायची सोय नाही आणि रात्री बारानंतर गूगल करत बसणं मला बंद करायचंय.

लेक नऊ वर्षांची, चौथीत. शाळेच्या रांगेत कायम पहिली. मी जेमतेम पाच फूट, माझी आई त्याहून कमी, त्यामुळे "आजोळावर गेलीये" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. यंदा जूनमध्ये तिला दुसरीतला गणवेश व्यवस्थित बसला, तेव्हा मात्र मी डॉक्टर गाठले. त्यांनी उंची तक्त्यावर मांडली, ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. मग डाव्या हाताचा एक्स-रे, थायरॉईड, आणि "एक कॅरिओटाइप करून घेऊ" म्हणाले, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, हे नंतर कळलं. मला वाटलं व्हिटॅमिनसारखं काहीतरी असेल. रिपोर्ट आला: ४५,एक्स. खाली टर्नर सिंड्रोम.

डॉक्टर चांगले आहेत, अर्धा तास बोलले. त्यातलं मला "एक गुणसूत्र नाहीये" एवढंच ऐकू आलं. रोजची इंजेक्शनं, हृदयाची तपासणी, पाळी आपोआप येईलच असं नाही, पुढे मूलबाळ, हे सगळं नवऱ्याने घरी येताना गाडीत पुन्हा सांगितलं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्यासाठी वेळ भरपूर मिळतो.

नवऱ्याचं म्हणणं, कुणाला सांगायचं नाही, तिलाही नाही. सासूबाई रोज विचारतात, मी "कॅल्शियम कमी आहे" म्हणून वेळ मारून नेतेय. मला कळत नाही ते हे, की एक अख्खं गुणसूत्र नसताना मूल इतकं धडधाकट कसं? गरोदरपणात माझ्याकडून काही झालं असेल का? ती इंजेक्शनं द्यावीत का? आणि तिला सांगायचं तर कधी आणि किती? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी कृपया लिहा. "काळजी घ्या, देव आहे" नको, ते पुरेसं मिळतंय.

बालवैद्य

अबोलीताई, मी हडपसरला बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय इथे उपचार सांगणार नाही, पण एक विचारतो. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का? तुमच्या पोस्टमध्ये उंची जागोजागी आहे आणि हृदय दोन शब्दांत उरकलंय. बहुतेक पालकांचं असंच होतं, कारण उंची दिसते. माझ्या मते क्रम उलटा हवा.

टर्नरच्या साधारण १५ ते ३० टक्के मुलींमध्ये महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. काहींची महाधमनी एका ठिकाणी चिंचोळी असते. मूल खेळतं, पळतं, बाहेरून काही कळत नाही. म्हणून रिपोर्ट आल्या आल्या इको, दोन्ही हातांचं आणि एका पायाचं ब्लडप्रेशर, आणि मूल स्वस्थ पडून राहण्याच्या वयाचं झालं की एमआरआय. इको नॉर्मल आला तरी फाईल बंद होत नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा बघावं लागतं, कारण पुढे महाधमनी रुंदावू शकते.

त्यासोबत मूत्रपिंडांची सोनोग्राफी (दोन्ही खालून जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी असू शकतात), कानांची तपासणी, आणि दरवर्षी थायरॉईड. लहानपणी वारंवार कान फुटणं हे यांच्यात फार दिसतं. कानाच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाणारी बुटकी मुलगी टर्नरची असू शकते, पण कान आणि उंची कुणी एकत्र बघत नाही.

आता उंची. उपचार न घेतलेल्या स्त्रिया आपापल्या समाजाच्या सरासरीपेक्षा सुमारे २० सेंमी कमी राहतात. ग्रोथ हार्मोनने, म्हणजे तुमच्या त्या रोजच्या इंजेक्शनांनी, त्यातले काही सेंमी भरून निघतात, सगळे नाही. चार ते सहा वर्षं हे सुरू करायला चांगलं वय, पण नवव्या वर्षीही उपयोग होतो. बारा-तेराव्या वर्षी येणाऱ्यांच्या हातात कमी वेळ उरतो.

आणि इतकी उशिरा का येतात म्हणाल तर, मुलगा बुटका राहिला की घर हादरतं, आठवीतल्या मुलालाही "बघा ना डॉक्टर" म्हणून घेऊन येतात. मुलगी बुटकी असली तर "नाजूक आहे, बरंच आहे, स्थळं मिळतील" म्हणतात. माझ्या ओपीडीत उंचीची तक्रार घेऊन येणाऱ्यांत मुलगेच जास्त. त्यामुळे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ज्या मुलीच्या बुटकेपणाचं कारण सापडत नाही तिचा कॅरिओटाइप करावाच, अंगावर दुसरं एकही लक्षण नसलं तरी. लक्षणं असलीच तर जन्मतः हातापायांच्या पंजांवर सूज, मानेवर दोन्ही बाजूंना पडद्यासारखी त्वचा, मागचे केस मानेवर खूप खाली उतरलेले, कोपर सरळ केल्यावर हात बाहेरच्या बाजूला झुकणं, हाताची चौथी गाठ आखूड.

तक्त्याचंही बघा. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापरलेत ना? पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्यात मोठं काम आहे. परदेशी तक्त्यावर आपली बरीच मुलं उगाच बुटकी ठरतात, आणि मग खरोखर बुटक्या मुलीकडेही "आपल्याकडे असंच असतं" म्हणून दुर्लक्ष होतं.

स्लाइडवाला

गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर माझा हक्क.

रक्त हिरव्या बुचाच्या नळीत घेतलं असेल. त्यातल्या पांढऱ्या पेशी आम्ही तीन दिवस ३७ अंशांवर वाढवतो. पेशी दुभंगायला निघाल्या की औषध घालून त्यांना तिथेच थांबवतो, कारण गुणसूत्रं त्याच घटकेला नीट सुटी दिसतात. मग क्षारांच्या पातळ द्रावणात फुगवून काचपट्टीवर थेंब सोडायचा, रंगवायचं आणि पट्टे बघून जोड्या लावायच्या. जुनी माणसं फोटो छापून कात्रीने कापत बसत, आता संगणकावर होतं. वेळ मात्र लागतोच, त्यामुळे "रिपोर्ट लवकर द्या" म्हणून आमच्या खिडकीशी भांडणाऱ्यांना माझा नमस्कार.

रिपोर्टवर ४५,एक्स च्या पुढे चौकटी कंसात आकडा असेल, ३० वगैरे. तेवढ्या पेशी मोजल्या, सगळ्यांत नेहमीच्या ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रं निघाली. काही मुलींमध्ये काही पेशींत ४५ आणि काहींत ४६ असतात, त्याला मोझेक म्हणतात. तिथे लक्षणं बऱ्याचदा सौम्य असतात, कधी पाळी आपोआप सुरूही होते. काहींमध्ये दुसरा एक्स असतो पण तुटलेला, नाहीतर कडी झालेला. टर्नरच्या साधारण निम्म्याच मुलींचा रिपोर्ट तुमच्यासारखा सरळ ४५,एक्स असतो.

आता "धडधाकट कशी". माणसाच्या २२ साध्या जोड्यांपैकी कुठल्याही जोडीतलं एक अख्खं गुणसूत्र सगळ्या पेशींतून गेलं तर मूल जगत नाही. २१ नंबरचं सगळ्यात छोटं. ते एक जास्त झालं तर डाऊन सिंड्रोमचं मूल जगतं, वाढतं. पण तेच एक कमी झालं तर गर्भ टिकत नाही. एक पूर्ण कमी असूनही जगता येतं असं एक्स हे एकमेव. कारण बाईच्या प्रत्येक पेशीत तसेही दोनपैकी एक एक्स गर्भातच गप्प केला जातो. मेरी लायन या ब्रिटिश बाईंनी १९६१ मध्ये हे मांडलं.

मग एक नसल्याने बिघडतं कुठे? तो दुसरा पूर्ण गप्प नसतो. त्याच्यावरची सुमारे १५ टक्के जनुकं चालूच राहतात. एक्सच्या टोकाला शॉक्स नावाचं जनुक आहे, हाडांच्या वाढीचं. त्याच्या दोन प्रती लागतात. पुरुषात दुसरी प्रत वायच्या टोकावर असते. तुमच्या लेकीकडे एकच आहे, उंची अडते ती मुख्यतः तिथे. बीजकोशातल्या अंडपेशींनाही दोन्ही एक्स लागतात. एकच असला की त्या फार भराभर संपतात, बऱ्याचदा मुलगी वयात यायच्या आधीच.

"जगता येतं" म्हणालो, पण ४५,एक्स घेऊन रुजलेल्या गर्भांपैकी सुमारे ९९ टक्के गर्भपातातच जातात.

दोष कुणाचा, तर कुणाचा नाही. बहुतेकदा, म्हणजे चारात तीनदा म्हणा, मुलीकडे असतो तो एक्स आईचा असतो, गळलेलं असतं ते वडिलांकडून येणारं गुणसूत्र. हे वाचून नवऱ्याकडे बघू नका. शुक्रपेशी बनताना किंवा गर्भ पहिल्यांदा दुभंगताना होणारी ती चूक आहे. खाणं, पिणं, ग्रहण, मोबाईल, कशाचा संबंध नाही. आईच्या वयाचाही नाही, तो डाऊनमध्ये असतो. पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यताही सहसा वाढत नाही.

एक राहिलं. वायचा तुकडा कुठे लपलाय का, हे तपासलंय का बघा. असला तर अविकसित बीजकोशात गाठ होण्याचा धोका साधारण दहा टक्के धरतात आणि ते काढून टाकायचा सल्ला देतात.

नानाकाका_सदाशिव

आमच्या वेळी असले रिपोर्ट नव्हते आणि बुटक्या बायका सुखाने नांदल्या. माझी आत्या चार फूट आठ इंच, नव्वदीपर्यंत पर्वती चढली. डॉक्टर लोकांनी प्रत्येकाला काहीतरी नाव द्यायचं ठरवलंय. शिवाय ते वाढीचं इंजेक्शन मेलेल्या माणसांच्या मेंदूतून काढतात असं वाचलंय. पोरीला असलं टोचणार?

बालवैद्य

नानाकाका, तुमचं वाचन बरोबर आहे, फक्त १९८५ च्या आधीचं आहे. तेव्हा खरंच मृतांच्या पियूषिका ग्रंथीतून ते काढत, आणि त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला म्हणून ते बंदच केलं. त्या वर्षापासून जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं मिळतं. माणसाचा त्यात काही भाग नाही.

नावाचं म्हणाल तर ते रिपोर्टांच्याही आधीचं आहे. ओक्लाहोमाच्या हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये सात मुली-बायकांचं वर्णन केलं, जर्मनीत उलरिख यांनी त्याआधी १९३० मध्ये. गुणसूत्रं ४६ असतात हे जगाला कळलं १९५६ मध्ये. टर्नरमध्ये ४५ आहेत हे चार्ल्स फोर्ड यांच्या गटाने १९५९ मध्ये दाखवलं. डाऊनमध्ये ४७ हेही त्याच वर्षी, पॅरिसला. म्हणजे आजार आधी डोळ्यांनी ओळखला, कारण मागून सापडलं.

तुमच्या आत्याला मुलं होती का?

नानाकाका_सदाशिव

पाच.

बालवैद्य

मग आत्या नुसतीच बुटकी होती.

टेकडीवाली

लिहू की नको करत दोन दिवस काढले. मी स्वतः टर्नर आहे. वय ३६, उंची चार फूट सात, एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधनाचं काम करते.

मला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही म्हणून तपासलं. तोवर ग्रोथ हार्मोनचा विषय संपला होता. आईवडिलांनी मला "हार्मोनच्या गोळ्या" एवढंच सांगितलं. खरं काय ते बाविसाव्या वर्षी कळलं, कपाटातली फाईल काढून स्वतःच वाचली तेव्हा. राग आजाराचा नाही आला. घरातल्या चार मोठ्या माणसांना माझ्या शरीराबद्दल जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, याचा आला. त्याआधी सहा वर्षं मी मैत्रिणींना पाळीच्या खोट्या तारखा सांगत होते आणि वाटायचं की मीच एकटी विचित्र आहे.

म्हणून अबोली, तुझ्या नवऱ्याला हे वाचायला दे. लेकीला सांगणं वेगळं आणि गावाला सांगणं वेगळं. तो दोन्ही एकच समजतोय. नातेवाइकांना "हार्मोन कमी आहे, इंजेक्शन चालू आहे" पुरतं, आणि ते खोटंही नाही. लेकीला मात्र तिच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरं. नऊ वर्षांच्या मुलीला इतकंच हवं असतं की उंची हळू का वाढते आणि रोज टोचायचं का. आकृती काढून दाखव, या पोरींना सिंड्रोम हा शब्द मोठ्या माणसांइतका भीतिदायक वाटत नाही. अकरा-बारानंतर वयात यायची औषधं सुरू होतील तेव्हा तो भाग. मूल होण्याचं त्याच ओघात, ती स्वतः विचारेल त्या दिवशी टाळू नकोस. "तू मोठी झालीस की बघू" हे उत्तर मुलींना बरोबर कळतं.

त्या औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. इस्ट्रोजेन अगदी थोडं सुरू करतात आणि दोन-तीन वर्षं हळूहळू वाढवतात, गोळी, पॅच नाहीतर जेल. नंतर दुसरं हार्मोन जोडलं की पाळी येते. हे निव्वळ पाळीसाठी नसतं. हाडं, गर्भाशयाची वाढ, हृदय, सगळ्याला ते लागतं. मी विशीत कंटाळून बरेच महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या, घरी कुणालाच कळलं नाही, कारण विषयच निघत नव्हता. ज्या घरात बोलतात तिथे हे होत नाही.

शाळेचं: बुद्धी चांगली असते, भाषा तर बऱ्याचदा चांगलीच. भूमिती, नकाशे, डावं-उजवं, अंतराचा अंदाज इथे घोळ होतो. मला दहावीला मराठीत वर्गात सगळ्यात जास्त, गणितात काठावर. बाई म्हणायच्या, आळशी आहे. तुझ्या लेकीला गणित जड जात असेल तर ओरडण्याआधी हे लक्षात ठेव. स्कूटर मी उशिरा शिकले आणि अजूनही पेठांत हरवते. अर्थात पेठांत ४६ वालेही हरवतात.

आणि बालवैद्य म्हणतात ते कानांचं खरं आहे. मला तिशीपासून श्रवणयंत्र आहे.

मैत्रीणगौरी

टेकडीवाली, मनापासून सलाम, पण मी थोडी असहमत. मुलीला सांगितलं की ती शाळेत सांगणार, शाळेतून सोसायटीत, आणि पंधरा वर्षांनी स्थळ बघताना कुणीतरी ते उकरून काढणार. आमच्या नात्यात एका मुलीचं ठरलेलं लग्न थायरॉईडवरून मोडलं. पुणं सुशिक्षित वगैरे बोलण्यापुरतं. बापाची भीती अगदीच निराधार नाही.

टेकडीवाली

गौरी, भीती निराधार नाहीच. पण तिच्यावर उपाय म्हणून मुलीलाच अंधारात ठेवायचं, हे मला पटत नाही. ज्याला सांगायचं त्याला तीच सांगेल, त्यासाठी तिला आधी माहीत हवं. मी नवऱ्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं, कर्वे रोडवर कॉफी पिताना. त्याने एकच विचारलं, "हृदय ठीक आहे ना?" त्याआधी दोघांनी "घरी विचारून सांगतो" म्हटलं होतं, ते अजून विचारताहेत.

मुलाबाळांचं, कारण अबोलीला तेच सतावत असणार. फार थोड्या जणींना स्वतःहून दिवस राहतात, शंभरात दोन ते पाच, त्याही बहुतेक मोझेक. बाकींना दात्या स्त्रीचं बीज घेऊन आयव्हीएफ. भारतात २०२१ च्या कायद्याने दाती २३ ते ३५ वयाची लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं. पण टर्नरमध्ये गरोदरपणात महाधमनी फाटण्याचा धोका असतो, त्यामुळे आधी हृदय आणि महाधमनी तपासल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. माझी महाधमनी रुंद निघाली. आम्ही तो विषय थांबवला आणि दत्तकासाठी नाव नोंदवलंय. वाट बघतोय.

भोसरीचा_बाबा

माझी लेक सहाव्या वर्षापासून ग्रोथ हार्मोनवर आहे, आता अकरावं चालू. फक्त वापराचं लिहितो.

रोज रात्री झोपायच्या आधी. पेन असतं, इन्सुलिनसारखं, सुई केसाएवढी. मांडी, पोट, कुल्ला, जागा बदलत राहायची, नाहीतर तिथे खड्डा किंवा गाठ होते. पहिले आठ-दहा दिवस घरात रडारड, पहिली रडणारी बायको होती. आता लेक स्वतः टोचून घेते आणि चुकलं तर मला रागावते.

औषध २ ते ८ अंशांत. फ्रिजच्या दारात नको आणि मागच्या भिंतीला चिकटवून नको, गोठलं की फेकून द्यावं लागतं. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, चार-पाच तास फ्रिज उघडला नाही तर भागतं. प्रवासात इन्सुलिनचा थंड पाऊच, बर्फाला पेन थेट लावायचं नाही.

खर्च: डोस वजनावर, म्हणून मूल वाढेल तसा खर्च वाढतो. सुरू करण्याआधी पाच-सहा वर्षांचा हिशोब मांडा, मधेच सोडलं तर आधीचा पैसाही बराचसा वाया. माझ्या विमा कंपनीने आधी "सौंदर्यासाठीचा उपचार" म्हणून नाकारलं, नंतर ओपीडीत बसत नाही म्हणून. सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात टर्नरसाठी ग्रोथ हार्मोनचा उल्लेख दुसऱ्या गटात आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. तिथे कागद घेऊन जाऊन विचारा, घरबसल्या फोनवर काही होत नाही.

दर तीन-चार महिन्यांनी उंची, अधूनमधून रक्त आणि हाताचा एक्स-रे. पाठीला बाक येतोय का तेही बघतात. उंची एकाच ठिकाणी, एकाच पट्टीवर मोजा. आमच्याकडे दोन दवाखान्यांच्या पट्ट्यांत दीड सेंमीचा फरक निघाला आणि महिनाभर आम्ही उगाच नाचत होतो.

संपादक

उंची वाढवणाऱ्या चूर्णाची जाहिरात करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. हा धागा त्यासाठी नाही.

रिमझिम

विषय थोडा वेगळा, राग मानू नका. मी तेरा आठवड्यांची गरोदर आहे. माझ्या रक्ताची तपासणी केली त्यात "एक्स गुणसूत्राबाबत जादा धोका" असं आलंय. हा धागा वाचून झोप उडाली.

स्लाइडवाला

रिमझिम, ती चाळणी आहे, निदान नाही. त्या तपासणीत बाळाचे म्हणून जे गुणसूत्रांचे तुकडे मोजतात ते खरं तर वारेचे असतात, आणि तुमच्या रक्तात तुमचेही असतात. बाईच्या काही पेशींतून वयानुसार एक एक्स गळतो, तेही त्या मोजणीत येतं. त्यामुळे डाऊनच्या बाबतीत ही तपासणी जितकी भरवशाची, तितकी एक्सच्या बाबतीत नाही. जादा धोका सांगितलेल्या कित्येक बायकांची बाळं नॉर्मल निघतात. खात्री गर्भजलाच्या तपासणीने, सोळा आठवड्यांच्या सुमारास. दरम्यान सोनोग्राफीत मानेमागचं पाणी आणि हृदय बघतील. आधी जनुकीय सल्लागाराला भेटा, आणि तोवर कुठलाही निर्णय घेऊ नका.

निगडीकर

आमचं थोडं वेगळं आहे पण याच कुळातलं. मुलाच्या पाच नंबरच्या गुणसूत्राचा आखूड हात तुटलेला आहे. जन्मल्यावर रडणं मांजराच्या पिल्लासारखं होतं, नर्स हसल्या, एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी मात्र आवाज ऐकूनच तपासणी लिहून दिली. जेरोम लेजून यांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं, पॅरिसला डाऊनमधली ४७ गुणसूत्रं दाखवणारे तेच. स्लाइडवाला म्हणतात तसं अख्खं पाच नंबर गेलं असतं तर मूल जन्मलंच नसतं, तुकडा गेला म्हणून आहे. आता चौदा वर्षांचा आहे, शब्द कमी आहेत, ढोल-ताशा ऐकला की घरात थांबत नाही.

एक सांगतो. आईवडिलांची तपासणी आमच्यासारख्यांना करावी लागते, कारण काही घरांत तो तुकडा आईच्या किंवा वडिलांच्या दुसऱ्या गुणसूत्राला जाऊन चिकटलेला असतो आणि मग पुढच्या बाळालाही धोका. आमचे दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आले. अबोलीताईंच्या ४५,एक्समध्ये सहसा त्याची गरज नसते, पण तुटलेल्या तुकड्याचे रिपोर्ट असणाऱ्यांनी हे विचारावंच.

अबोली२

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे धावपळ होती.

इको झाला. झडपेला दोनच पाकळ्या आहेत, पण गळती नाही, चिंचोळेपण नाही, महाधमनी सध्या ठीक. वर्षाने पुन्हा, आणि दहा पूर्ण झाल्यावर एमआरआय. दातांचं काम काढायचं झालं तर आधी सांगा म्हणाले. मूत्रपिंडं नॉर्मल. उजव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, आणि गेली दोन वर्षं आम्ही तिला "लक्ष नसतं तुझं" म्हणून ओरडतोय. वायची तपासणी पाठवली आहे.

नवऱ्याने टेकडीवालीचं सगळं वाचलं. काही बोलला नाही. रविवारी लेकीला घेऊन वहीत ठिपके काढत बसला होता, तेवीस जोड्या, शेवटच्या जोडीत एकच. लेकीने विचारलं, "मग इंजेक्शनने दुसरा येणार का?" तो म्हणाला, नाही, इंजेक्शन फक्त हाडांना मदत करेल. तिने विचारलं, किती वर्षं. मग विचारलं सुट्टीत पण का. एवढंच. सासूबाईंना कॅल्शियमवरून हार्मोनवर आणलंय, त्यांनी लगेच नाचणीचं सत्त्व सुरू केलं.

पुढच्या सोमवारपासून इंजेक्शन. भोसरीचे बाबा, दिवाळीत गुहागरला जायचंय, सात-आठ तास गाडीत. तो पाऊच पुरतो का? आणि तिथून पुढे गणपतीपुळ्याला हॉटेलवाले फ्रिजमध्ये ठेवू देतात का?

भोसरीचा_बाबा

पाऊच दोन घ्या, एकात पेन आणि एक जादा बर्फाच्या पॅकसाठी. कुंभार्ली घाटाच्या आधी जेवायला थांबाल तिथे पॅक बदला. गाडीच्या डिकीत नको, पायाशी ठेवा. हॉटेलात खोलीतला छोटा फ्रिज बेभरवशाचा, रात्री की-कार्ड काढलं की बंद होतो. स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये द्या, डब्यावर मराठीत "औषध, फ्रीझरमध्ये ठेवू नये" असं ठळक लिहून. आम्हाला कोकणात कुणी नाही म्हटलेलं नाही, एकाने तर रोज रात्री नऊला स्वतः आणून दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जादा सुयांचं पाकीट सोबत ठेवा, तिकडे त्या मापाच्या सुया मिळत नाहीत.

टेकडीवाली

आणि कानाचं यंत्र सुचवलं तर पुढे ढकलू नका. मी ढकललं, तोवर निम्म्या मीटिंगा अंदाजाने काढल्या.